जमिनीवरून नेपाळला जाताना : कोणाला काय लागते?

मागच्या महिन्यात मालेगावच्या एका कापड व्यापारी बांधवाचा फोन आला. त्यांचे एक इराकी गिऱ्हाईक मुंबईत उतरले होते. माल पाहून झाला, भाव ठरले. आता दोघांनी मिळून गोरखपूरच्या रस्त्याने काठमांडूला जावे आणि तिथल्याही एक-दोन व्यापाऱ्यांना भेटावे, असा त्यांचा विचार होता. "तुम्ही नेहमी त्या रस्त्याने जाता, आम्हाला काय काय लागेल?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, तुम्हाला मतदार ओळखपत्र पुरेल. तुमच्या पाहुण्यांना मात्र अगोदर नेपाळच्या वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागेल. शिवाय भारताचा व्हिसा त्यांना परत आत येऊ देईल का, तेही पाहा. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग ते म्हणाले, "पण नेपाळची हद्द तर खुली आहे ना?"

हा प्रश्न आपल्या बाजारात बरेच जण विचारतात, म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे. हद्द खुली आहे ही गोष्ट खरी. पण ती भारतीय आणि नेपाळी नागरिकांसाठी खुली आहे. तिसऱ्या देशाच्या माणसासाठी ती इतर कुठल्याही आंतरराष्ट्रीय हद्दीसारखीच आहे. आणि आपल्यासाठी खुली आहे म्हणजे आपल्या मालासाठी, नोटांसाठी आणि मोटारीसाठी खुली आहे, असेही नव्हे.

३१ जुलै १९५० रोजी काठमांडूमध्ये भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि ये-जा करण्याची मुभा आहे. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम या पाच राज्यांना लागून ही हद्द जाते. लांबी साडेसतराशे किलोमीटरहून जास्त. कित्येक ठिकाणी शेताचा बांध हीच हद्द आहे. २००१ पासून आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचा पहारा असतो, पण आपल्या माणसाला व्हिसा लागत नाही.

१९९४ साली मी वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो. रक्सौलला उतरलो, टांग्यात बसलो, नदीवरचा पूल ओलांडला आणि वीरगंजला पोहोचलो. मला कळलेसुद्धा नाही की आपण दुसऱ्या देशात आलो. कोणी नाव विचारले नाही की गाव विचारले नाही. वडिलांच्या खिशात फक्त उधारीची वही होती. तो जमाना गेला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या भारतीय विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर २००० सालापासून नेपाळच्या विमान प्रवासाला ओळखीचा ठराविक कागद सक्तीचा झाला, आणि हळूहळू जमिनीच्या रस्त्यावरही विचारपूस वाढली.

आज भारतीय नागरिकाजवळ दोनपैकी एक कागद असावा : पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्ट वर्षांवरील वृद्ध यांना सवलत आहे. त्यांना वय आणि ओळख सिद्ध करणारे दुसरे छायाचित्र असलेले कागद चालतात. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते. मधल्या वयाच्या माणसाला आधार कार्ड या प्रवासासाठी चालत नाही. हे वाक्य व्यापारी बांधवांनी दोनदा वाचावे. बँकेत, गाडीत, हॉटेलात सगळीकडे आधार चालते, म्हणून आपण तेच एक खिशात टाकून निघतो. पायी जाताना नाक्यावर बहुतेक वेळा कोणी अडवत नाही, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. ती लक्षात येते परत येताना, आणि तेही जेव्हा घाई असते तेव्हा.

माझ्यावर हा प्रसंग २०१९ मध्ये आला. माझे एक मेहुणे इंग्लंडमध्ये असतात. मूळचे कोकणातले, पण पासपोर्ट ब्रिटिश. त्यांच्या भावाच्या मुलीचा निकाह होता, त्यासाठी ते आले होते. मध्ये आठवडाभर मोकळा होता. मला वसुलीसाठी भैरहवा आणि काठमांडूला जायचे होते. ते म्हणाले, मीही येतो, पहाड पाहून होईल. कल्याणहून गाडीत बसलो, गोरखपूरला उतरलो, तिथून बसने सोनौलीला गेलो. सोनौलीला सायकल रिक्षा थेट नेपाळच्या कमानीपर्यंत सोडते. भारताचे इमिग्रेशनचे कार्यालय बाजारातच, दुकानांच्या रांगेत होते. नजर न गेल्यास माणूस त्याच्यासमोरून निघून जातो. आम्हीही तसेच गेलो. पलीकडे बेलहियाच्या नेपाळी कार्यालयात मेहुण्यांचा पासपोर्ट पाहून अधिकारी म्हणाला, "यावर भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का कुठे आहे?" परत मागे आलो, शिक्का घेतला, पुन्हा पलीकडे गेलो. एक तास गेला, एवढेच. मी त्यांची थट्टासुद्धा केली.

खरी अडचण परतीला आली. मेहुण्यांकडे भारताचा ई-व्हिसा होता, अनेक वेळा प्रवेशाचा. आम्ही समजलो, अनेक वेळा म्हणजे कुठूनही. पण त्या वेळी ई-व्हिसावर भारतात प्रवेश फक्त ठरावीक विमानतळ आणि काही बंदरे यांतूनच होता. बाहेर जाताना जमिनीचा नाका चालत होता, आत येताना नाही. सोनौलीच्या अधिकाऱ्याने अगदी नम्रपणे सांगितले की तुम्हाला इथून आत घेता येणार नाही, विमानाने या. नेपाळच्या बाजूचा अधिकारीही भला माणूस होता. त्याने निर्गमनाचा शिक्का रद्द करून दिला, नाहीतर पुन्हा व्हिसाचे पैसे भरावे लागले असते.

ठीक आहे, मी म्हटले, दोघे भैरहवाहून काठमांडूला आणि तिथून विमानाने मुंबईला जाऊ. तिकिटाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मेहुण्यांचा पासपोर्ट पाहिला आणि माझ्याकडे हात केला. मी आधार कार्ड दिले. तो म्हणाला, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड द्या. पासपोर्टची मुदत संपलेली होती आणि मतदार कार्ड भिवंडीला घरच्या कपाटात होते. म्हणजे हिशेब असा झाला की मेहुणे पायी येऊ शकत नव्हते आणि मी विमानाने येऊ शकत नव्हतो. दोघे एकाच रस्त्याने गेलो होतो, पण एका रस्त्याने परत येऊ शकलो नाही. भैरहवाला आम्ही वेगळे झालो. ते निकाहाच्या सकाळी मुंबईला उतरून कसेबसे पोहोचले. मला ऐन वेळी आरक्षण मिळाले नाही. त्या निकाहात मुलीचा वकील मी व्हायचे ठरले होते. निकाह झाला तेव्हा माझी गाडी झाशीच्या जवळपास होती.

तेव्हा ज्यांच्या घरी परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक येतात किंवा परदेशी गिऱ्हाईक येतात, त्यांनी निघण्यापूर्वी त्या पासपोर्टचा हिशेब वेगळा मांडावा. नेपाळमध्ये शिरताना बहुतेक देशांच्या नागरिकांना हद्दीवरच व्हिसा मिळतो. १५ दिवसांसाठी ३० डॉलर, ३० दिवसांसाठी ५० डॉलर आणि ९० दिवसांसाठी १२५ डॉलर असे दर आहेत. डॉलर रोख ठेवावेत, छायाचित्रे ठेवावीत आणि पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त असावी. दहा वर्षांखालील मुलांना फी नाही. सार्क देशांच्या नागरिकांना वर्षातील पहिल्या भेटीत ३० दिवसांचा व्हिसा फीशिवाय मिळतो, मात्र अफगाणिस्तानला ही सवलत नाही. उलट इराक, सीरिया, पॅलेस्टाईन, अफगाणिस्तान, सोमालिया, नायजेरिया अशा काही देशांच्या नागरिकांना हद्दीवर व्हिसा मिळत नाही, तो आधी वकिलातीतून आणावा लागतो. मालेगावच्या बांधवांचे गिऱ्हाईक नेमके याच यादीतले निघाले.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. आपण कुठल्याही पायवाटेने गेलो तरी चालते. तिसऱ्या देशाच्या माणसाला ज्या नाक्यावर दोन्हीकडे इमिग्रेशनचे कार्यालय आहे तिथूनच जावे लागते. पश्चिमेकडून सांगायचे तर बनबसा–गड्डाचौकी, रुपईडीहा–नेपाळगंज, सोनौली–बेलहिया, रक्सौल–वीरगंज आणि पानीटंकी–काकडभिट्टा हे प्रमुख आहेत. बिहारमधील जयनगरहून नेपाळमधील कुर्थापर्यंत २०२२ मध्ये आगगाडी सुरू झाली. ती सुरू झाली तेव्हा तीसुद्धा फक्त भारतीय आणि नेपाळी प्रवाशांसाठीच होती, तिसऱ्या देशाच्या पाहुण्यांना तिच्यात जागा नव्हती. ओसीआय कार्ड असलेल्यांचाही एक गैरसमज असतो. ते कार्ड भारतात यायला आयुष्यभर चालते, पण नेपाळच्या नजरेत माणूस पासपोर्टच्या देशाचा. त्याने व्हिसाचे डॉलर भरायचेच, आणि परतताना पासपोर्ट व कार्ड दोन्ही हातात ठेवायचे.

परत येण्याचे सर्वांत महत्त्वाचे. व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर नेपाळला पाऊल टाकताच तो संपला. मुंबईत हॉटेलात सामान ठेवून चार दिवसांसाठी नेपाळ पाहायला गेलेला परदेशी पाहुणा असा अडकतो. ई-व्हिसा कुठल्या नाक्यावर चालतो ती यादी सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्याच्या दिवशी भारत सरकारच्या व्हिसाच्या संकेतस्थळावर ती पाहून घ्यावी. दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. आणि कोणी म्हणेल की बाजूच्या गावातून काढून देतो, तर हात जोडून नाही म्हणावे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक यांचा नवा कायदा लागू झाला आहे. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय आत शिरणाऱ्या परदेशी माणसाला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. आपण त्याच्याबरोबर असू तर चौकशी आपलीही होणार.

नेपाळी नागरिकालाही एक अट आहे, ती आपल्या कारखान्यांत काम करणाऱ्या नेपाळी कामगारांना सांगून ठेवावी. तो नेपाळहून येत असेल तर पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. पण चीन, हाँगकाँग, मकाव किंवा पाकिस्तान इथून भारतात येत असेल तर लागतो.

आखाती देशांत जाणाऱ्या आपल्या मुलांसाठीही दोन शब्द. एप्रिल २०२१ मध्ये सौदी अरेबियाने भारतातून थेट येण्यावर बंदी ठेवली होती, तेव्हा हजारो भारतीय कामगार काठमांडूमार्गे निघाले. नेपाळमधून तिसऱ्या देशात जायचे तर भारतीयाला काठमांडूच्या भारतीय वकिलातीचे ना-हरकत पत्र लागत असे. त्या काळात विमानाने आलेल्यांना ते माफ केले गेले, जमिनीवरून आलेल्यांना नाही. मग त्या महिन्याच्या अखेरीस नेपाळनेच अशा प्रवाशांना मनाई केली आणि पुष्कळ मुले हॉटेलांत अडकून पडली. एजंटने लाखभर रुपये घेतले होते, पण हद्दीचा नियम त्याने सांगितला नव्हता. नेपाळ जवळ आहे म्हणून तो पुढच्या प्रवासाचा दरवाजा होतोच असे नाही.

आता पैशाकडे येतो. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे : आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे. वीरगंज, भैरहवा, नेपाळगंज या सीमेवरच्या बाजारांत भाव विचारला की पुढचा प्रश्न विचारावा, "आईसी की एनसी?" आईसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. हजार रुपयांचा भाव एनसीचा असेल तर आपल्या हिशेबाने तो ६२५ होतो. नवीन माणूस इथेच फसतो, आणि दोष कोणाला देताही येत नाही.

नोटांचा मामला नाजूक आहे. २०१६ च्या नोटबंदीने नेपाळमधल्या लोकांकडच्या जुन्या भारतीय नोटा अडकल्या. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने २००, ५०० आणि २००० च्या भारतीय नोटा बाळगण्यावर बंदी घातली. आपल्या रिझर्व्ह बँकेचा नियम मात्र शंभराहून मोठ्या नोटा २५ हजार रुपयांपर्यंत नेऊ देत होता. म्हणजे सोनौलीच्या अलीकडे कायदेशीर असलेली नोट पलीकडे बेकायदा. पुढे हा फरक मिटवण्याच्या हालचाली दोन्हीकडे झाल्या. तरी निघताना बँकेत विचारून घ्यावे आणि खर्चाला शंभराच्या नोटा ठेवाव्यात. शंभराच्या नोटेला मला आजपर्यंत कुठे अडचण आलेली नाही. मार्च २०२४ पासून नेपाळमधील पुष्कळ दुकानांत भारतीय यूपीआयने पैसे देता येतात, त्यामुळे जेवणाखाण्याचा प्रश्न सुटला. व्यापाराची रक्कम मात्र बँकेतूनच आणावी. वसुलीची रोकड कमरेला बांधून आणण्याची जुनी सवय आपल्यापैकी काहींना आहे. तीस वर्षांत ज्यांची रक्कम जप्त झाली असे तिघे माझ्या ओळखीचे आहेत.

मालाबाबत लोकांना वाटते, दोन-चार ठाण किंवा डझनभर लुंग्या नमुना म्हणून पिशवीत नेल्या तर काय होते? नमुना म्हणजे तुकडा. पूर्ण ठाण हा माल झाला. नेपाळच्या सीमाशुल्काला तिथे भन्सार म्हणतात, आणि भन्सार माणसाकडे पाहत नसला तरी पिशवीकडे पाहतो. २०२३ मध्ये तर त्यांनी हद्दीवरून खरेदी करून आणलेल्या १०० नेपाळी रुपयांवरच्या वस्तूलाही शुल्क लावण्याचा नियम कडक केला होता. १०० नेपाळी म्हणजे आपले साडेबासष्ट रुपये. जोगबनी, रक्सौलला येऊन साडी नेणाऱ्या गरीब बाया त्या वेळी नाक्यावर रडताना लोकांनी पाहिल्या. आपला माल रीतसर पाठवायचा तर आपल्याकडे निर्यातीचा आयईसी क्रमांक आणि सीमेवरच्या कस्टम कार्यालयात बिल ऑफ एक्सपोर्ट लागते. एका खेपेची किंमत २५ हजार रुपयांपेक्षा जास्त नसेल तर नेपाळसाठी आयईसीची सूट आहे, हे छोट्या कारागिरांनी लक्षात ठेवावे. समोरच्या पार्टीकडेही त्यांच्या देशाचा आयात क्रमांक आहे का, हे गाठी बांधण्यापूर्वी विचारावे, नाहीतर माल नाक्यावर पडून राहतो आणि गोदामाचे भाडे आपल्या डोक्यावर. मोठ्या मालाला रक्सौल–वीरगंजच बरे. तिथे नेपाळच्या बाजूची एकात्मिक तपासणी चौकी २०१८ मध्ये सुरू झाली. जोगबनी–विराटनगरची २०२० मध्ये आणि रुपईडीहा–नेपाळगंजची २०२३ मध्ये झाली.

येताना विमानाने येणाऱ्याला काही रकमेपर्यंत नव्या वस्तू शुल्काशिवाय आणता येतात. जमिनीवरून येणाऱ्याला २०१६ च्या बॅगेज नियमांत फक्त वापरलेले स्वतःचे सामान माफ ठेवले होते. काठमांडूच्या बाजारातले चिनी जॅकेट अंगावर असेल तर गोष्ट वेगळी, दहा जॅकेट बांधून आणले तर ती आयात.

मोटार घेऊन जाणाऱ्यांनी आरसी बुक, विमा आणि परवाना बरोबर ठेवावा. नाक्यावर भन्सारची पावती दिवसांच्या हिशेबाने फाडावी लागते, आणि एका वर्षात अशी गाडी एकूण ३० दिवसच ठेवता येते. पावतीवरची तारीख विक्रम संवतात असते, म्हणजे आपल्यापेक्षा साधारण ५७ वर्षे पुढे. महिन्याची नावे आणि दिवसही वेगळे. मुदत कधी संपते ते कारकुनाकडून इंग्रजी तारखेत मागे लिहून घ्यावे, नंतरच्या दंडापेक्षा ही विनंती स्वस्त पडते.

आणि हद्द कधीकधी बंदही होते. १९८९ मध्ये करार संपल्यावर बहुतेक नाकी बंद झाली होती. २०१५ च्या सप्टेंबरनंतर कित्येक महिने ट्रक उभे राहिले, मार्च २०२० मध्ये साथीमुळे सगळेच थांबले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधील आंदोलनामुळे काही दिवस ये-जा खुंटली. उधारी देताना हे मनात धरावे.

मालेगावच्या बांधवांनी शेवटी पाहुण्यांचा पासपोर्ट उघडून पाहिला. भारताचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. नेपाळला गेले असते तर ठरलेला माल भरून घ्यायला ते परत येऊ शकले नसते. त्यांनी पाहुण्यांना मुंबईतच ठेवून माल चढवला, मग मतदार कार्ड खिशात टाकून एकटेच वीरगंजला गेले. तिथून त्यांचा फोन आला. कागद सगळे बरोबर होते, नाक्यावर कोणी अडवले नाही, पण बँक बंद आणि पार्टी गावाला गेलेली. नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, हे सांगायला मीच विसरलो होतो.